घोडा धावायचा थांबल्यावर पुढची वीस वर्षं कोणाची?

शर्यतीचा घोडा मैदानातून बाहेर पडतो तेव्हा बहुतेक वेळा पाच-सहा वर्षांचा असतो. थरोब्रेडचं, म्हणजे शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीचं, शिंगरू दोन वर्षांचं झालं की पळायला लागतं. तोवर त्याची हाडंसुद्धा पुरती भरलेली नसतात. तीन-चार हंगामांत त्याचं सगळं आटोपतं. नीट सांभाळलं तर हेच जनावर पंचवीस-तीस वर्षं जगतं. म्हणजे वीसेक वर्षं शिल्लक राहतात, आणि त्या वर्षांचा हिशेब कुणाच्याच वहीत नसतो. आज मला त्यावर लिहायचं आहे. पोस्ट लांब आहे, पण पूर्ण वाचा अशी विनंती.

मी जनावरांचा डॉक्टर. सगळी नोकरी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत गेली. आयुष्य देवणी, लालकंधारी गुरं आणि म्हशींमध्ये गेलं. घोडे भेटायचे ते नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत आणि लग्नसराईत. मुलगी सध्या अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा काय बघायचं हे ठरवायला मला क्षणभरही लागला नाही. गावाबाहेरच केंटकी हॉर्स पार्क आहे. १९७८ साली ते लोकांसाठी उघडलं. बाराशे एकरांच्या आसपास जमीन, आणि मालकी राज्य सरकारची. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिच्याकडे यायचं आहे.

तिथे ‘हॉल ऑफ चॅम्पियन्स’ नावाची पागा आहे. निवृत्त घोड्याला बाहेर आणतात, सांभाळणारा त्याची कहाणी सांगतो, जुन्या शर्यतीचं चित्रण दाखवतात. मग लोक जवळ जाऊन फोटो काढतात. कातडी चकचकीत, खूर नीट छाटलेले, डोळा शांत. मी आधी पाय बघितले, ती जुनी सवय. पुढच्या पायाच्या नळीमागची नस, म्हणजे कंडरा, कशी आहे, गुडघा भरलाय का, अंग चारी पायांवर सारखं टाकतोय का. मुलगी म्हणाली, “बाबा, तोंडाकडे पण बघा की त्याच्या.”

पण मला सर्वांत जास्त विचार करायला लावलं ते तिथल्या समाध्यांनी. एक जॉन हेन्री. हा घोडा लहानपणी ११०० डॉलरला विकला गेला होता. मोठा तापट, भिंतीवरच्या लोखंडी बादल्या उपटून तुडवायचा. ८३ शर्यतींत ३९ जिंकला, ६५ लाख डॉलरच्या वर कमाई केली आणि १९८४ साली, नऊ वर्षांचा असताना, अमेरिकेचा वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरला. नऊ वर्षं म्हणजे शर्यतीच्या घोड्यासाठी म्हातारपणच. दुसरा सिगार. ओळीने १६ शर्यती जिंकणारा, १९९६ सालचा पहिला दुबई वर्ल्ड कप मारणारा. तिसरा फनी साइड, २००३ ची केंटकी डर्बी, म्हणजे अमेरिकेतली सर्वांत गाजलेली शर्यत, जिंकणारा. त्याचे मालक म्हणजे शाळेपासूनचे मित्र; डर्बीला ते पिवळ्या स्कूलबसमधून गेले होते.

जनावरांच्या डॉक्टरला या तिघांत एक गोष्ट लगेच दिसते. जॉन हेन्री खच्ची केलेला. फनी साइडही खच्ची केलेला. सिगार अंडिल होता, पण पैदाशीला लावल्यावर वांझ निघाला. एकही घोडी गाभण राहिली नाही. शर्यतीच्या धंद्यात घोड्याची खरी किंमत धावणं संपल्यावर पैदाशीतून येते. या तिघांना ती वाट बंद होती. व्यापाऱ्याच्या वहीत त्यांची किंमत शून्य. आणि तरी जॉन हेन्री तिथे ३२ वर्षांचा होऊन २००७ साली गेला. सिगार १९९९ पासून मरेपर्यंत, म्हणजे २०१४ पर्यंत, तिथेच राहिला. फनी साइड २०२३ मध्ये पोटशूळाने गेला, तोही तिथेच. ज्याच्यापासून आता काहीच मिळणार नाही त्याला वेळेवर चारा, नालबंद आणि डॉक्टर मिळत राहिले.

आता कुणी म्हणेल, अमेरिका श्रीमंत, त्यांना परवडतं. तर फर्डिनंडची गोष्ट ऐका. १९८६ ची केंटकी डर्बी जिंकलेला घोडा, पुढच्या वर्षी देशातला सर्वोत्तम. पैदाशीसाठी जपानला विकला. तिथे त्याला मागणी राहिली नाही, तो हातोहात फिरत गेला आणि २००२ च्या सुमारास कत्तलखान्यात संपला. बातमी २००३ मध्ये फुटली तेव्हा अमेरिकेतले लोक हादरले. म्हणजे पैसा होता, कीर्ती होती, डर्बीचा चषक होता. घोड्याच्या म्हातारपणाबद्दल कागदावर मात्र काहीच नव्हतं.

हॉर्स पार्कपासून थोड्या अंतरावर जॉर्जटाउनला ‘ओल्ड फ्रेंड्स’ नावाचा मळा आहे. मायकल ब्लोवेन या माणसाने तो सुरू केला; आधी ते बोस्टन ग्लोब दैनिकात चित्रपटांचं परीक्षण लिहायचे. तिथे निवृत्त घोडे मोकळ्या कुरणात राहतात, लोक गाजरं घेऊन कुंपणापाशी जातात. १९९७ ची डर्बी जिंकलेला सिल्व्हर चार्म २०१४ मध्ये जपानहून तिथे परत आला. तोही फर्डिनंडसारखाच पैदाशीसाठी गेला होता. फरक एवढाच, की पैदाशीचं काम संपलं की घोडा परत द्यायचा, हे सौदा करतानाच ठरलं होतं. एका घोड्याच्या सौद्यात ती अट होती, दुसऱ्याच्या नव्हती.

माझं सगळं म्हणणं या एका अटीभोवती आहे. घोड्याच्या म्हातारपणाची सोय त्याच्या कमाईच्या दिवसांतच, लेखी, पैशासकट झाली पाहिजे. मालक दयाळू निघेल या आशेवर ती सोडता येत नाही. अमेरिकेत २०१२ साली थरोब्रेड आफ्टरकेअर अलायन्स उभी राहिली. शर्यतीच्या धंद्यातलेच लोक, म्हणजे मालक, पैदासकार, नोंदणी करणारी संस्था, त्यात पैसे घालतात आणि तपासून पारखलेल्या मळ्यांना अनुदान मिळतं. सगळ्या घोड्यांना पुरेल एवढं ते नाही. पण घोड्यावर कमावणाऱ्याने त्याच्या म्हातारपणाला हात लावायचा, हे तत्त्व तिथे मान्य झालं आहे.

आपल्या राज्यात महालक्ष्मीचं मैदान १८८३ पासून आहे, पुण्याचं त्याहून जुनं. पैजेच्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. म्हणजे घोडा पळाला की मालक कमावतो, क्लब कमावतो, सरकार कमावतं. या करातला रुपयातला एक पैसा जरी निवृत्त घोड्यांच्या नावाने बाजूला पडला, तरी कुरणं उभी राहतील. ही मागणी मी पूर्ण गांभीर्याने करतोय.

मैदान सुटलेला घोडा कुठे जातो? नशीबवान असेल तर पैदाशीला किंवा घोडेस्वारीच्या शाळेत. बाकीचे हातोहात उतरत जातात. मराठवाड्यात लग्नाच्या वरातीत कधीतरी एखादा घोडा दिसतो, उंच, लांब पायांचा, पातळ कातडीचा, काठेवाडी-मारवाडी कानांची कमान नसलेला. पुढच्या पायाची नस सुजून धनुष्यासारखी फुगलेली. अशा घोड्याला फटाक्यांत आणि डीजेच्या भिंतीपुढे सिमेंटच्या रस्त्यावर तासन् तास उभं करतात. त्याच्या मालकावर माझा राग नाही. तो स्वतः हातावर पोट असलेला माणूस. एकदा एका चाचांना मी म्हणालो, याला दोन महिने आराम द्या. ते म्हणाले, “डाक्टरसाब, आराम मैं भी चाहता हूं. लग्नसराई गेली की ह्याच्या हरभऱ्याला पैसे कुठून आणू?” यावर माझ्याकडे औषध नव्हतं.

मैदानावरचा घोडा एकदम मोकळा सोडून चालत नाही, हेही सांगतो, कारण हौसेने घोडा घेणारे वाढलेत. हा घोडा दिवसाचे बावीस-तेवीस तास ठाणावर काढलेला असतो, दाण्यावर पोसलेला. त्याचा दाणा हळूहळू कमी करावा लागतो, गवत हळूहळू वाढवावं लागतं, नाहीतर पोटशूळ ठरलेला. घोड्याला ओकारी येत नाही. खाल्लेलं वर येऊच शकत नाही, म्हणून साधी पोटदुखी त्याच्या जिवावर बेतते. दात आयुष्यभर वाढत राहतात, कडा टोकदार होऊन गाल कापतात. वर्षातून एकदा तरी घासून घ्यावे लागतात. तोंडातून घास गळायला लागला की आपल्याकडे म्हणतात, घोडा थकला. अर्ध्या वेळा थकलेला नसतो, दात घासायचे राहिलेले असतात.

“माणसाला प्यायला पाणी नाही, तिथे घोड्याला कुठून?” हा प्रश्न मला विचारला जाणार हे माहीत आहे, आणि तो खोटा नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा मी तिथेच होतो. चारा छावण्यांत मी रात्री काढल्यात. साडेचारशे किलोच्या घोड्याला दिवसाला नऊ-दहा किलो सुका चारा लागतो, वर्षाचे तीन टनांच्या वर. पाणी तीस-चाळीस लिटर. म्हणून मी शेकडो घोड्यांची गोष्ट करत नाही. वीस-पंचवीस घोड्यांची करतोय, आणि तीही पैशाची तजवीज आधी करून.

उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीला आहे. दोन्हीकडची पोरं गाई-म्हशीत तयार होतात, पण घोडा हाताळायची संधी फार थोड्यांना मिळते. तोंडात हात घालून दात घासायचे, पोटशूळात नळी घालायची, लंगडणारा पाय नेमका कुठे दुखतो ते ओळखायचं, हे पुस्तकातून येत नाही. निवृत्त घोड्यांची छोटी पागा अशा ठिकाणी असावी. पोरं शिकतील, घोडे जगतील, रविवारी गावातली लेकरं बघायला येतील. आपल्या मातीतला भीमथडी घोडा, जो मराठ्यांच्या स्वाऱ्यांत पळाला आणि आजही धनगरांच्या वाड्यासोबत बिऱ्हाड वाहतो, त्याची जात म्हणून अधिकृत नोंद २०२४ मध्ये झाली. त्यालाही तिथे जागा असावी. केंटकीत राज्य सरकार बाराशे एकरांवर हे करतं. आपण दहा एकरांवर सुरुवात करू.

आणि माळेगावच्या यात्रेत सौदा होतो तेव्हा अंगावरचे केसांचे भोवरे बघतात, देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) बघतात, पंचकल्याणी (चारी पाय आणि तोंड पांढरं) आहे का, रेवाल (ठेक्यातली वेगवान चाल) चालतो का, उंची किती इंच, नुकरा (पांढरा शुभ्र) असेल तर रक्कम लाखांत. त्याच पावतीवर एक ओळ वाढवता येईल: घोडा सांभाळणं जमलं नाही तर आधी विकणाऱ्याला कळवायचं. कायदा लागत नाही त्याला, यात्रेतल्या चार जुन्या व्यापाऱ्यांनी मनावर घेतलं तरी सुरू होईल. मी त्यातल्या दोघांशी बोललोय. एकाने होकार दिलाय. दुसरे म्हणाले, गिऱ्हाईक बिचकेल. त्यांच्याशी पुन्हा बोलणार आहे.

मार्गशीर्षात यात्रेला मी येईन. ज्यांच्याकडे वरातीचा किंवा मैदानावरून आलेला घोडा आहे त्यांनी दात दाखवायला आणा, पैसे घेणार नाही. उदगीर-परभणीच्या विद्यार्थ्यांपैकी कुणाला सोबत यायचं असेल तर खाली लिहा. आणि शर्यतीच्या क्षेत्रात काम करणारं कुणी या पोस्टपर्यंत पोचलं असेल, तर तुमच्याकडे घोडा विकताना परत घेण्याची अट लिहितात का, आणि लिहीत असाल तर कोणत्या शब्दांत, तेवढं कळवा. मला तो मसुदा हवा आहे.