आमचं नेटवर्क खासगी की सार्वजनिक?

प्रिंटर खाली, मी वर. मध्ये बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या जुन्या घराचा जिना. प्रिंटर आप्पांच्या कॉम्प्युटरला जोडलेला, कारण घरात सगळ्यात जास्त प्रिंट तेच काढतात. खानापूरकडच्या शेताचा पहाणी उतारा कन्नडात आणि भजनी मंडळाचे अभंग मराठीत, तेही इतक्या मोठ्या टायपात की एका अभंगाला तीन पानं लागतात. यूएसबीची वायर 5 मीटरच्या पुढं धड चालत नाही, म्हणून ती जिन्यातून वर ओढायचा बेत सोडला. शिवाय त्या वायरवर मी कपडे वाळत घालीन, असं बायकोनं आधीच बजावलं होतं.

"प्रिंट पाहिजे तर खाली ये की. पाय मोडलेत काय?" हे आप्पांचं तांत्रिक मत.

पण दोन्ही कॉम्प्युटर एकाच वायफायवर. शेअरिंग चालू करायला कितीसा वेळ लागणार? पूर्वी विंडोजमध्ये यासाठी 'होमग्रुप' नावाची सोपी सोय होती. 2018 च्या अपडेटात ती काढून टाकली. सोपी होती, म्हणूनच काढली असणार.

वरच्या लॅपटॉपवर 'नेटवर्क' उघडलं, तर तिथं कुणीच नाही. सीमाभागातल्या माणसाला वाट बघायला शिकवावं लागत नाही. आमचा सीमावादाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्यामुळं वर सरकणाऱ्या त्या हिरव्या पट्टीकडं मी शांतपणे बघत बसलो. पट्टी टोकाला पोचली आणि विरून गेली. आप्पांचा कॉम्प्युटर काही दिसला नाही.

व्हीटीयूचं, म्हणजे इंजिनियरिंगच्या विद्यापीठाचं मुख्यालय ज्या गावात, तिथं इंजिनियरांचा काय तोटा? शेजारच्या मामींच्या पोराला हाक मारली. "काका, मी मेकॅनिकलचा आहे," तो म्हणाला, पण आला. त्यानं सांगितलं, विंडोजला सांगावं लागतं की हे नेटवर्क खासगी आहे की सार्वजनिक. सार्वजनिक म्हटलं की ते तोंड लपवून बसतं, कुणाला दिसत नाही. मी विचारात पडलो. ज्या घरात मामी मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात येऊन भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगतात, ते घर खासगी कसं म्हणायचं? तरी छातीवर दगड ठेवून दोन्हीकडं 'खासगी' केलं. नेटवर्क डिस्कव्हरी चालू केलं, फाईल आणि प्रिंटर शेअरिंग चालू केलं. आणि आप्पांचा कॉम्प्युटर उगवला! नाव 'डेस्कटॉप', पुढं एक आडवी रेघ, आणि त्यापुढं सात अक्षरांची खिचडी.

त्यावर क्लिक केलं तर नाव आणि पासवर्ड मागितला. आता आप्पांच्या कॉम्प्युटरला पासवर्डच नाही. बटन दाबलं की उघडतो. मी पासवर्डची जागा रिकामी सोडून एंटर मारलं. नाही म्हणाला. विंडोजचा नियम असा की ज्या खात्याला पासवर्ड नाही, त्यात समोर बसूनच शिरता येतं, नेटवर्कवरून नाही. म्हणजे दाराला कुलूप नाही, म्हणून आत यायला बंदी!

पासवर्ड घालूया म्हटलं तर आप्पा उखडले. "माझ्या घरात मलाच कुलूप काय?" मग त्यांच्या कॉम्प्युटरवर माझ्यासाठी वेगळं खातं काढायचं ठरलं.

"माझ्या कॉम्प्युटरवर तुझं खातं? भाडं किती देणार?"

खातं झालं. प्रिंटर जोडायला गेलो तर एक आकडा आला: 0x0000011b. मेकॅनिकलच्या पोराचे डोळे चमकले. हे त्याला पाठ होतं. 2021 मध्ये विंडोजच्या छपाईखात्यात 'प्रिंटनाईटमेअर' नावाचं भगदाड सापडलं. ते बुजवायच्या खटपटीत सप्टेंबरचं अपडेट आलं आणि कित्येकांचे शेअर केलेले प्रिंटर हाच आकडा दाखवून बंद पडले. चोर येऊ नये म्हणून दार बुजवलं आणि घरचेच बाहेर राहिले. उपाय म्हणजे दोन्हीकडची अपडेटं पुरी करायची. आप्पांनी ती थोपवून धरलेली, कारण अपडेटाच्या मध्ये अभंग छापता येत नाहीत. एकादशी गाठून सगळे देवळात गेल्यावर मी ती उरकली. मध्ये एकदा लाईट गेली, ते सोडा.

आणि प्रिंटर चालला. वर बटन दाबलं, खाली घरघर झाली. आप्पा घाबरून म्हणाले, "अरे, हे आपोआप कागद ओकायला लागलंय!"

हात चालतच होते, म्हणून वरचा एक फोल्डरही शेअर केला. स्कॅन केलेले जुने फोटो आप्पांना खाली बघता यावेत म्हणून. फोटो वेगळे काढायचा कंटाळा आला, तेव्हा अख्खा 'डॉक्युमेंट्स' देऊन टाकला. पण हुशारीनं फक्त वाचायची परवानगी दिली, चुकून काही पुसलं जायला नको. वाचल्यानं काय बिघडतं?

संध्याकाळी खालून हाक आली. बायको तेव्हा आप्पांना चहा द्यायला तिथंच उभी होती.

"अरे, नवा मोबाईल अठरा हजाराचा म्हणाला होतास नव्हं? इथं बिल चौतीस हजाराचं दिसतंय की."

लगेच प्रिंटर घरघरला. यावेळी बटन मी दाबलेलं नव्हतं.