कुत्र्याकडे पासपोर्ट आहे

आमच्या घरात युरोपियन पासपोर्ट एकाकडेच आहे आणि तो सोफ्याखाली राहतो.

त्याचं कागदोपत्री नाव लूपू. रुमानियन भाषेत 'लूप' म्हणजे लांडगा. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं त्याला बहुधा लांबून, पाठमोरा पळताना पाहिलं असावं. कुकरच्या पहिल्या शिट्टीला हा लांडगा बाथरूममध्ये जातो, दुसरीला बाथटबमध्ये उतरतो आणि तिसरी झाली की शांतपणे बाहेर येतो, कारण तिसरीनंतर आम्ही शेगडी बंद करतो हे त्याला कळलंय. आईनं व्हिडिओ कॉलवर नाव पहिल्यांदा ऐकलं आणि म्हणाली, "लपू? बरोब्बर ठेवलंय." तेव्हापासून तो लपू.

लपू आमचा नाही, हे आत्ताच सांगून टाकते. आम्ही स्टुटगार्टला राहतो. (मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. रविवारी दुपारी इथे जी शांतता असते ती पाहता बहीण सावत्र असणार.) इथल्या प्राणीसंस्था रुमानिया, स्पेन, ग्रीसमधून रस्त्यावरची कुत्री आणतात आणि कायमचं घर मिळेपर्यंत कुणाकडे तरी सांभाळायला देतात. आमच्या करारानुसार डॉक्टरचं बिल संस्थेचं, मालकी संस्थेची, खाणं आपलं आणि केस आपले.

हे मी आईला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे अर्धलीनं घेतलाय होय?" आमच्या सांगलीकडे शेळी अर्धलीनं देतात. शेळी मालकाची, राखायची दुसऱ्यानं, करडं निम्मी-निम्मी.

"साधारण तसंच," मी म्हटलं, "फक्त याची नसबंदी झालीय."

"मग तुला गं काय मिळणार?"

या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

तर उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडीनं युरोप फिरायचा हा नवऱ्याचा चार वर्षांचा बेत. ऑस्ट्रियातून ब्रेनरची खिंड ओलांडायची, खाली इटलीत गार्डा तलाव, मग व्हेनिस, स्लोव्हेनिया, क्रोएशियातलं इस्त्रिया आणि येताना कारावांकेन बोगद्यातून परत. एक्सेल तयार होतं. ऑस्ट्रियाचं विन्येट (म्हणजे महामार्गाचा पास) वेगळं, ब्रेनरचा टोल वेगळा, स्लोव्हेनियाचं विन्येट आणखी वेगळं, सगळ्याचे रकाने होते. लपू आल्यावर उजवीकडे रकाने वाढत गेले आणि शेवटी ते एक्सेल पाहायला स्क्रीन आडवी ओढावी लागायला लागली.

आईचं मत होतं की तुझ्या बाबांना घेऊन महाबळेश्वरला गेले तरी माझा जीव मेटाकुटीला आला होता, आणि त्यांना तर सांगितलेलं कळतं.

कुत्रा संस्थेचा, म्हणून देशाबाहेर न्यायला संस्थेची लेखी परवानगी. तिथल्या बाईंनी मला पाऊण तास फोनवर धरलं. कुत्र्याला दोन पट्टे हवेत, एक गळ्यात, एक अंगातल्या तीन बंदांच्या हार्नेसला, आणि त्यातला एक माणसाच्या कमरेला बांधलेला. महामार्गावरच्या थांब्यावर पट्टा अडकवल्याशिवाय डिकी उघडायची नाही. परदेशातून आलेली बुजरी कुत्री अशाच जागी पळतात आणि मग सापडत नाहीत. रोज रात्री एक फोटो पाठवायचा. आणि मधेच कुणी लपूला दत्तक घ्यायला तयार झालं, तर सहल सोडून परत यायचं.

"म्हणजे व्हेनिसमधून?" नवऱ्यानं मागून विचारलं.

बाईंना ते ऐकू गेलं. "कुठूनही," त्या म्हणाल्या.

परवानगीचं पत्र आलं ते माझ्या नावानं, कारण करारावर सही माझी. कुत्रा माझ्यासोबतच प्रवास करेल असं त्यात ठळक अक्षरात होतं. हे वाक्य मी तेव्हा वाचलं आणि कृतकृत्य झाले. ते पुढे उपयोगाला येणार होतं, पण त्यांच्या.

मग कायदे. जर्मन वाहतूक नियमांत गाडीतला कुत्रा म्हणजे सामान. जोरात ब्रेक दाबला किंवा एकदम वळवावं लागलं तरी सामान घसरता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणून पेटी आणली, ॲल्युमिनियमची. ती डिकीत बसली आणि बाकी काहीच बसेना. थालीपिठाची भाजणी, इंडक्शनची छोटी शेगडी आणि कुकर या तिघांपैकी दोघांना घरी राहावं लागणार होतं. कुकर वगळायचा ठराव एकमतानं झाला. सोफ्याखालचं मत आम्ही धरलं होतं.

इटलीत रस्त्यावर पट्टा दीड मीटरहून लांब नको आणि मुस्की जवळ बाळगायलाच हवी. व्हिएन्नाच्या मेट्रोत मुस्की नुसती जवळ नको, तोंडावर हवी. मुस्की हा शब्द मी शेवटचा ऐकला तो मळणीच्या बैलांच्या संदर्भात. लपूला ती लावायची सवय व्हावी म्हणून आत लिव्हर सॉसेज फासायचं असतं. फासलं. त्यानं जीभ लांब करून बाहेरूनच मुस्की चाटून लख्ख केली आणि तोंड काही आत घातलं नाही. रुमानियात रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवलेलं खाणं म्हणजे काय असतं, हे आपण शिकवायची गरज नाही.

डॉक्टरकडे गेलो तर त्यांनी वेगळंच काढलं. भूमध्य समुद्राकडे लेशमानियाचा धोका असतो, वाळूमाशीतून पसरतो. वाचून पाहिलं तर हा आपल्याकडच्या काळ्या आजाराचा सख्खा चुलतभाऊ निघाला. सहा हजार किलोमीटर लांब येऊन भेटावं तर कुणाला. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत माशी चावते, तेव्हा कुत्रा आत ठेवा आणि औषधी कॉलर एक-दोन आठवडे आधीच घाला. म्हणजे गळ्याचा पट्टा, हार्नेस, औषधी कॉलर आणि जीपीएस. लपू लग्नातल्या करवलीसारखा दिसायला लागला.

पासपोर्ट मात्र बघत राहावा असा. निळा, सोनेरी ताऱ्यांचा. आत ६४२ नं सुरू होणारा १५ आकडी चिप नंबर, रेबीजच्या लसीचा चिकटवलेला कागद, डॉक्टरांचा शिक्का. पहिली लस टोचल्यावर २१ दिवस थांबून मगच दुसऱ्या देशात जाता येतं. ते त्याचं कधीच झालेलं. नॉर्वे, फिनलंड किंवा आयर्लंडला जायचं तर आधी २४ ते १२० तासांच्या आत जंताचं औषध देऊन त्याचीही नोंद करून घ्यावी लागते. तिकडे आम्ही जाणार नव्हतो. फोटोची जागा आहे, पण फोटो सक्तीचा नाही. लेकीनं तरीही त्याचा एक फोटो चिकटवला. त्यात सोफा दिसतो आणि डावीकडे नाक. १५ आकडे तिला तोंडपाठ झाले. माझा ११ आकड्यांचा टॅक्स नंबर मला सात वर्षांत पाठ झालेला नाही.

राहायच्या जागा शोधणं हा नवऱ्याचा विभाग. 'कुत्र्यांचं स्वागत आहे' असं लिहिलेल्या ठिकाणी विचारलं की खाली बारीक अक्षरात 'लहान' निघायचं. लपू चोवीस किलोचा. गार्डाजवळच्या एका मालकांशी भाषांतराच्या ॲपमधून बोलणं चाललं होतं. इटालियन माणूस 'एदुकातो' म्हणतो तेव्हा त्याला शिस्तीचा, वळणाचा असं म्हणायचं असतं. ॲपनं मराठीत विचारलं, "कुत्रा सुशिक्षित आहे का?"

नवऱ्यानं उत्तर टाइप केलं, "नाही, पण आम्ही दोघंही इंजिनिअर आहोत."

ते इटालियनमध्ये काय होऊन पोचलं कोण जाणे, पण खोली मिळाली.

आता खरी अडचण. लपू गाडीत बसत नव्हता. आयुष्यात एकदाच तो गाडीत बसला होता, ती दोन दिवस चालली होती आणि उतरला तेव्हा देश बदललेला होता. त्याच्या जागी मी असते तर मीही परत बसले नसते. प्रशिक्षक बाईंनी सांगितलं, घाई नको. आधी बंद गाडीत दहा मिनिटं नुसतं बसा. सगळं कुटुंब बसा, म्हणजे त्याला वाटेल की हे नेहमीचंच आहे.

म्हणून जूनभर रोज संध्याकाळी सात वाजता आम्ही खाली जाऊन उभ्या गाडीत बसत होतो. नवरा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत. मी शेजारी, मांडीवर चीजचे तुकडे. लेक मागे, मान उलटी करून, "शाब्बास लपू, शाब्बास" म्हणत. डिकी उघडी आणि लपू तिच्याबाहेर जमिनीवर बसलेला, आम्ही कधी निघतोय याची वाट बघत. पाचव्या दिवशी त्यानं पुढचे दोन पाय आत ठेवले. आठव्या दिवशी चारही. आम्ही श्वास रोखून समोरची भिंत बघत होतो.

पहिल्या मजल्यावरच्या आजी त्या आठवड्यात जिन्याच्या सफाईच्या पाळीवर होत्या. श्वाबिया या आमच्या भागातली ही 'केअरवोखे', पाळी आली की झाडू हातात घेतलाच पाहिजे. झाडू घेऊन त्या तीन दिवस आमच्याकडे बघत होत्या. चौथ्या दिवशी काचेवर टकटक केली.

"गाडी बंद पडलीय का?"

"नाही, आम्ही कुत्र्याला सवय करतोय."

त्यांनी मागे जाऊन पाहिलं. कुत्रा तेव्हा नेमका खाली उतरून झुडपात बसलेला. त्यांनी आमच्या तिघांकडे एकेक करून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माझा पुतण्या मेकॅनिक आहे. लाजू नका."

पहिली खरी फेरी साडेचार किलोमीटरची. स्टुटगार्ट म्हणजे चहूबाजूंनी डोंगर आणि मधे वाडगा. वाडग्यातून बाहेर पडायचं तर वळणावळणाची चढण चढावी लागते. डेगरलोखच्या आधीच्या वळणावर पेटीतून एक आवाज आला, पिंपातलं पाणी संपत आल्यावर येतो तसा. त्यानंतरचं सांगत नाही. चीज वाया गेलं. एक्सेलमध्ये 'कागदी रुमाल' हा रकाना आला आणि त्यात '४० पाकिटं' असा आकडा.

पण पोरगं जिद्दीचं. जुलैच्या सुरुवातीला तो चाळीस किलोमीटर शांत बसून आला, मधे झोपलाही. त्या रात्री आम्ही श्रीखंड केलं.

दुसऱ्याच दिवशी क्रोएशियातल्या मालकीणबाईंचा निरोप आला. तिथे प्रत्येक पाहुण्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते, तर सगळ्यांचे पासपोर्ट नंबर आणि मुदत कळवा. लेकीनं कुत्र्याचा नंबर धडाधडा सांगितला. "त्याचा नको गं," म्हणत मी कपाटातून आमचे तिघांचे काढले. नवऱ्याचा ठीक. लेकीचा ठीक. माझ्या पासपोर्टवर मुदतीची तारीख होती १९ जुलै. निघायचं होतं २ ऑगस्टला.

मी पान उलटं करून पाहिलं. सुलटं करून पाहिलं. १९ जुलैच होती.

पाच महिने या घरात कुणी पासपोर्ट या विषयाशिवाय दुसरं बोललं नव्हतं. लस, चिप, शिक्का, कॉलर, सगळं तीन-तीनदा तपासलेलं. नवा पासपोर्ट यायला लागतील तेवढे आठवडे लागणारच होते, त्यात कुणाचा दोष नाही. नवरा आणि लेक पुढे जाऊ शकत होते, पण कुत्रा नाही, कारण कुत्रा माझ्यासोबतच प्रवास करेल, ठळक अक्षरात. आणि माझ्याशिवाय जाण्यात त्या दोघांना मजा नव्हती. म्हणजे असं ते म्हणाले. कुत्र्याशिवाय जायला मात्र लेकीनं साफ नकार दिला, तो जास्त मनापासून होता.

आईला कळवलं. ती म्हणाली, "कुत्र्याचं सगळं जागेवर आहे ना? मग झालं."

२ ऑगस्टला आम्ही निघालो, जर्मनी न सोडता, दक्षिणेच्या सीमेपर्यंत. बोडनजे तलावाकाठी, लिंडाऊला. एका बाजूला स्वित्झर्लंडचे डोंगर, डावीकडे ऑस्ट्रियाचं ब्रेगेंझ, अगदी हाताच्या अंतरावर. तलावाच्या मोठ्या भागात तिन्ही देशांच्या सीमा नेमक्या कुठे आहेत यावर आजही करार झालेला नाही, ही माहिती नवऱ्यानं मला काठावर उभं राहून दिली. "पोहत गेलीस तर परदेशात गेलीस की नाही, कुणालाच सांगता येणार नाही." मी त्याला आईस्क्रीम आणायला पाठवलं. लेकही गेली.

लपूला घेऊन मी लाइब्लाखच्या काठानं चालत होते. लाइब्लाख म्हणजे ओढाच, पण अलीकडे जर्मनी आणि पलीकडे ऑस्ट्रिया. पुलाच्या मध्यावर मी थांबले. दहा मीटरचा लांब पट्टा माझ्या कमरेला बांधलेला. लपू थांबला नाही. आठ महिन्यांत प्रथमच शेपूट वर करून, जमीन हुंगत, हा पुढे गेला. पलीकडच्या खांबाशी पाय वर केला, यथासांग कार्यक्रम उरकला आणि ऑस्ट्रियातल्या गवतावर, सावलीत, पोट टेकून बसला.

"लपू, ये."

कान हलला.

मी चीज दाखवलं. त्यानं मान वळवून डोंगराकडे पाहिलं. पट्टा ताणला तर चोवीस किलो गवतात रुतले. पुढे जाऊन उचलून आणावं तर खिशात निवास परवान्याचं कार्ड आणि मुदत संपलेला पासपोर्ट. पट्टा पुलावर आडवा ताणलेला, आणि ऑस्ट्रियाकडून आलेला एक म्हातारा सायकलवाला त्याच्यापाशी पाय टेकून उभा. त्यानं कुत्र्याकडे पाहिलं, मग पट्ट्यावरून नजर सरकवत माझ्या कमरेपर्यंत आला.

"सीमा बंद आहे वाटतं," तो हसून म्हणाला. "काय, पासपोर्ट दाखवू का?"

"नको," मी म्हटलं, "कुत्र्याकडे आहे."