लाँचच्या केबिनमधील लाकूडकामाविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय महोदय,

आपल्या जुन्या लाकडी लाँचच्या (मोटरबोटीच्या) केबिनची दुरुस्ती आम्ही केली; त्यानंतर आमच्या नांदेड येथील सुतारकामाच्या कारखान्याविषयी आपण लिहिलेला अभिप्राय मी आमच्या मिस्त्रींसह वाचला. आपल्या तक्रारी अशा आहेत: खिडकीखालचे पॉलिश पहिल्याच पावसाळ्यात पांढरे पडून सुटले, कपाटांच्या दारांतील फळ्या सैल आहेत, नव्या लाकडाचा रंग जुन्याशी जुळत नाही, काम लांबले आणि तेवढ्या पैशांत सगळीकडे नवे प्लायवुड व सनमायका बसले असते. जुनी लाकडी लाँच विकत घेण्याचा विचार करणारे इतर लोकही हे वाचतील, म्हणून उत्तर सविस्तर देत आहे.

पॉलिशची तक्रार सर्वांत गंभीर आहे. दुरुस्तीच्या वेळी खिडकीखालचे जुने पॅनेल आम्ही काढले, तेव्हा त्याच्या प्लायवुडचे खालचे पदर सुटलेले होते, मागची आडवी पट्टी पटाशीचे टोक सहज आत जाईल इतकी कुजली होती आणि खिडकीच्या चौकटीपासून खाली पाण्याचा ओघळ स्पष्ट दिसत होता. हे पाणी नदीचे नव्हते. छतावर पडणारा पाऊस चौकटीभोवतीच्या, वाळून तडकलेल्या सीलंटमधून (फट बुजवणाऱ्या लुकणातून) आत झिरपत होता. त्याचे फोटो आम्ही आपणास पाठवले होते, आणि चौकट पूर्ण काढून, खाच साफ करून, नवे सीलंट भरून ती पुन्हा बसवावी लागेल अशी स्वतंत्र बाब अंदाजपत्रकात लिहिली होती. ते काम आपण दुसऱ्या कारागिराकडून करून घेण्याचे ठरवले आणि ती बाब वगळण्यास सांगितले. आपण आता अभिप्रायासोबत दिलेल्या फोटोत चौकटीच्या बाहेरच्या कडेला सिलिकॉन फासलेले दिसते, पण चौकटीचे जुने स्क्रू जागचे हललेले दिसत नाहीत. म्हणजे झिरपण्याची वाट तशीच आहे.

पॉलिश लाकडाला समोरून जपते. पाणी पाठीमागून आले की ते लाकडात मुरते, बाहेर पडायला वाट शोधते आणि पॉलिशचा थर आतून उचलते. तो थर पांढरा दिसू लागतो तो याच कारणाने. नवे पॅनेल आम्ही आयएस ७१० या भारतीय मानकाच्या दर्जाच्या मरीन प्लायवुडचे केले आणि त्याच्या पाठीला व चारही कडांना इपॉक्सी (पाणी रोखणारा लेप) लावले. तरीही सांगितले पाहिजे की या प्लायवुडची उकळत्या पाण्यातील ७२ तासांची कसोटी त्यातील गोंदाची असते. आतले लाकूड सतत ओले राहिले तर तेही कुजते. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीला आयते घर मिळते, आणि गळती चालू असताना त्यावर कोणत्याही कंपनीचे कोणतेही व्हर्निश टिकत नाही.

दारांच्या फळ्या सैल आहेत हे आपले निरीक्षण बरोबर आहे. त्या मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. आपली लाँच कोकण किनाऱ्यावर बांधलेली आहे. तिथल्या दमट हवेत लाकूड वर्षभर बऱ्यापैकी ओलावा धरून असते. तीच लाँच नांदेडजवळ गोदावरीवरच्या विष्णुपुरी जलाशयात आली, आणि आपल्याकडचा मे महिना पारा ४२ अंशांवर नेतो तेव्हा हवेत ओलावा जवळपास उरतच नाही. लाकूड लांबीत फारसे बदलत नाही, पण रुंदीत आक्रसते. कोकणच्या दमटपणातून आमच्या उन्हाळ्यात आलेली एक फूट रुंदीची सागाची फळी चार-पाच मिलिमीटर कमी होऊ शकते आणि पावसाळ्यात पुन्हा फुगते. जुन्या दारांत कोणीतरी या फळ्या चौकटीच्या खाचेत गोंदाने पक्क्या केल्या होत्या. त्यांना हलायला जागा नव्हती, म्हणूनच त्या मधोमध उभ्या चिरल्या होत्या. आम्ही चिरा सागाच्या बारीक पट्ट्या घालून बुजवल्या, खाचेत जागा सोडली आणि फळ्या बसवण्याआधीच कडेपर्यंत पॉलिश केल्या, जेणेकरून उन्हाळ्यात त्या आक्रसल्यावर कडेला कोऱ्या लाकडाची पट्टी उघडी पडू नये. माझ्या मते या संपूर्ण कामातील सर्वांत चांगले काम हेच आहे. त्या खुळखुळतात म्हणून कृपया त्यांना गोंद लावू नका.

रंगाबाबत एवढेच सांगतो की नुकत्याच रंधा मारलेल्या सागवानाचा रंग सुरुवातीला असमान आणि काहीसा हिरवट-तपकिरी असतो. उजेड लागल्यावर काही महिन्यांत तो एकसारखा सोनेरी होत जातो. आज जुन्याशी जुळवण्यासाठी त्याला रंग दिला असता, तर पुढे तोच भाग जुन्यापेक्षा काळपट दिसला असता.

सनमायकाचा खर्च कमी आला असता हे मला मान्य आहे. परंतु त्यासाठी आपल्या केबिनमधील घट्ट रेषांचे जुने सागवान उखडावे लागले असते, आणि तसे लाकूड आज त्या भावात मिळत नाही. शिवाय सनमायकामागे पाणी शिरले तर ते बाहेरून कळत नाही. आत सगळे कुजल्यावरच कळते. आमच्या बिलात मोठा भाग मजुरीचा आहे, कारण जुन्या पॅनेलवरचा सागाचा पापुद्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा आहे. त्यावर मशीन फिरवली असती तर खालचा प्लाय उघडा पडला असता. जुने पॉलिश लाखेचे होते, स्पिरिटच्या बोळ्याने ते मऊ पडले यावरून हे कळले, आणि ते हातानेच उतरवावे लागले. लोखंडी खिळ्यांभोवतीचे काळे डाग ऑक्झॅलिक आम्लाने काढून तिथे पितळी स्क्रू घातले. काम लांबले ते व्हर्निशचा प्रत्येक हात मारल्यावर पुढच्या हाताआधी पूर्ण वाळण्याचा अवधी दिल्यामुळे.

आता पुढचे. खिडकीची चौकट आमच्याकडून बसवून घ्यायची की अन्य कोणाकडून, हे आपण ठरवावे. मात्र ती पूर्ण काढूनच बसवली जावी. त्यानंतर दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत पॅनेल वाळू द्यावे. आमचा मिस्त्री ओलावा मोजण्याचे मीटर घेऊन येईल, आणि ओलावा १२ टक्क्यांच्या खाली आला की ते पॅनेल आम्ही पुन्हा पॉलिश करून देऊ. त्याची मजुरी घेणार नाही, फक्त साहित्याचा खर्च घेऊ. तोपर्यंत त्या भागावर वरून आणखी पॉलिश मारू नये, आणि पॅनेलचे खालचे दोन पितळी स्क्रू काढून ठेवावेत, म्हणजे पाठीमागे हवा खेळेल.

आपला नम्र,
कारखान्याचा मालक, नांदेड