नाशिककरांनी झाडांच्या विरोधात मत दिलं म्हणे!

16 जानेवारी 2026 ला नाशिक महापालिकेचा निकाल लागला आणि त्याच संध्याकाळी एक मेसेज फिरू लागला. माझ्याकडे तो तीन ठिकाणांहून आला. सोसायटीच्या ग्रुपवरून, माहेरच्या ग्रुपवरून आणि सकाळच्या योगाच्या ग्रुपवरून. योगवाल्यांनी खाली हात जोडलेले दोन इमोजीही टाकले होते.

मजकूर थोडक्यात असा. ‘तपोवनाच्या नावाने दोन महिने गळा काढणाऱ्यांना नाशिककरांनी जागा दाखवली. लोकांना विकास हवा, झाडं नव्हे. हे सगळे एसीत बसणारे लोक. पर्यावरणाचं काम करायचं तर खुशाल करा, निवडणुकीला कशाला उभे राहता? आणि राहिलात तरी नगरसेवकाच्या हातात असतं काय? झाडं-नद्या सगळं वरून ठरतं. शिवाय एका झाडामागे दहा लावणारच आहेत, मग पोटात का दुखतं?’

मी बावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय, त्यामुळे उताऱ्याचं वाक्यागणिक उत्तर द्यायची खोड आहे. शिवाय या निवडणुकीत आमच्या प्रभागातल्या एका अपक्ष बाईंच्या प्रचारात मी पत्रकं वाटली. बाई पडल्या. अनामतही गेली. तेव्हा हे पडलेल्या बाजूचं उत्तर आहे, हे आधीच सांगून टाकते.

बाहेरगावच्यांसाठी दोन ओळी. 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी गोदाकाठच्या तपोवनात साधुग्राम, म्हणजे साधूंच्या मुक्कामाची वसाहत, उभारायचं आहे. त्यासाठी नोव्हेंबरमध्ये तिथल्या सतराशेहून जास्त झाडांवर नोटिसा लागल्या. लोक रस्त्यावर आले, हरकतींचा ढीग पडला, प्रकरण हरित न्यायाधिकरणात गेलं आणि तोडीला तात्पुरती मनाई मिळाली. हे चालू असतानाच निवडणूक लागली. 122 पैकी 72 जागा भाजपला मिळाल्या.

‘लोकांनी झाडांच्या विरोधात कौल दिला’

72 हा आकडा खरा आहे, त्यावर वाद नाही. पण तो कशाचा आकडा आहे?

याच शहराने 2012 मध्ये मनसेचे 40 नगरसेवक निवडून दिले आणि 2017 मध्ये पाच. मधल्या मनसेच्या काळात पांडवलेण्याच्या पायथ्याशी नेहरू वनोद्यान नटलं, सगळं नाशिक पोराबाळांना घेऊन ते बघायला गेलं. मत देताना कुणाला ते आठवलं नाही. म्हणजे बाग केली म्हणून मतं मिळत नाहीत, हे मला मान्यच आहे. मग झाडं तोडायला काढली म्हणून मतं मिळाली, हे कुठून आलं?

आता मतदान प्रत्यक्षात कसं झालं ते बघा. नाशिकमध्ये 31 प्रभाग. त्यातले 29 प्रभाग चार सदस्यांचे, उरलेले दोन प्रभाग तीन सदस्यांचे. 2011 च्या जनगणनेत शहर 14.86 लाखांचं होतं. तोच आकडा धरला तरी एका प्रभागात अठ्ठेचाळीस हजार माणसं होतात, आज त्याहून बरीच जास्त असणार. अपक्षाला चिन्ह मिळालं 3 जानेवारीला, प्रचार संपला 13 ला. मोठ्या पक्षाचं चिन्ह मतदाराला लहानपणापासून पाठ असतं. आमच्या बाईंचं चिन्ह आम्हालाच पहिले दोन दिवस नीट सांगता येत नव्हतं. पक्षाचं पॅनल असलं की चार उमेदवार मिळून एक पत्रक, एक रिक्षा, एक भोंगा. अपक्षाला तेवढाच प्रभाग एकट्याच्या खिशातून फिरायचा. कायद्याने 13 लाखांपर्यंत खर्च करता येतो. आमच्याकडे त्यातलं ‘पर्यंत’ तेवढं होतं.

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर एक आजी भेटल्या. “तुमच्या बाईला दिलं हो, पण बाकीची तीन कुणाला द्यायची ते कळेना, म्हणून एकाच चिन्हाची दाबली.” अ, ब, क, ड अशी चार मतं असली की माणूस हेच करतो. त्यात चूक काही नाही. पण त्या तीन बटणांमधून आजींचं तपोवनाबद्दलचं मत कसं काढायचं, ते मेसेजवाल्यांनी सांगावं. आजी स्वतः डिसेंबरात तपोवनात जाऊन झाडाला दोरा बांधून आल्या होत्या.

‘एसीत बसणारे लोक’

यावर फार वेळ घालवत नाही. पूर आला की नाशिकमध्ये कुणी सेंटिमीटर विचारत नाही. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं का, छातीला लागलं का, ते विचारतात. तो पूर सराफ बाजारात शिरतो, भांडी बाजारात शिरतो, नासर्डी नदीच्या काठच्या झोपड्यांत शिरतो. कॉलेज रोडच्या चौथ्या मजल्यावर शिरत नाही. नदीचं पात्र अडवलं, नाले बुजवले, काठ सिमेंटचे केले तर त्याची झळ एसीवाल्याला सगळ्यात शेवटी लागते.

आणि 2018 च्या मार्चमध्ये याच शहरातून मुंबईपर्यंत जवळपास 180 किलोमीटर अनवाणी, फाटक्या चपलांनी चालत गेलेले शेतकरी मोर्चातले लोक काय मागत होते? इतर मागण्यांबरोबर कसत असलेल्या वनजमिनीचे हक्कही मागत होते. जंगल कुणाचं आणि ते कुणी राखायचं, हा प्रश्न जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठच्या माणसाने शहरातल्या कुठल्याही निसर्गप्रेमी मंडळाच्या आधी विचारलेला आहे.

‘काम करा, निवडणुकीला कशाला उभे राहता?’

हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं, कारण ते आमच्या बाजूचेही म्हणतात. ‘राजकारण आलं की चळवळ बाटते’, असं म्हणत हात झटकणारे माझे जवळचे मित्र आहेत.

त्यांना महाडची आठवण करून देते. चवदार तळं सगळ्यांना खुलं करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्येच केला होता. तो कागदावर राहिला. प्रत्यक्ष पाण्यापर्यंत जायला 1927 चा सत्याग्रह लागला, आणि त्यानंतर नगरपालिकेने दबावाखाली तो ठराव मागेही घेतला. म्हणजे ठराव होता तेव्हा माणसं लागली आणि माणसं उभी राहिली तेव्हा ठराव टिकवणारे आत कमी पडले. पाण्याचा आणि नगरपालिकेचा याहून मोठा धडा महाराष्ट्रात दुसरा नसेल.

आपल्या नाशिकचंच बघायचं तर 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्यात पुढे असलेले दादासाहेब गायकवाड 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात गेले, 1957 मध्ये नाशिकमधून लोकसभेत गेले, आणि तरीही भूमिहीनांच्या सत्याग्रहात पुन्हा रस्त्यावर होते. त्यांना कुणी विचारलं असेल का, की तुम्ही आंदोलक की उमेदवार?

बरं, बिल्डरने निवडणूक लढवली की तो ‘समाजकार्यात उतरला’. ठेकेदाराच्या भावाने लढवली की ‘तरुण, तडफदार नेतृत्व’. झाडं मोजणारी बाई उभी राहिली की तिच्या हेतूवर शंका. हा कुठला न्याय?

‘नगरसेवकाच्या हातात असतं काय?’

यात थोडं तथ्य आहे, ते आधी देऊन टाकते. सिंहस्थाचे मोठे निर्णय मुंबईत होतात. झाडांच्या कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा मोठ्या तोडीचा विषय राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाकडे नेण्याची सोयही झाली. तेव्हा एकटा नगरसेवक तपोवन वाचवू शकला असता, असं मी म्हणणार नाही.

पण ‘काहीच नाही’ हे साफ खोटं आहे. 74 वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरांकडे सोपवायचे 18 विषय आहेत. त्यात नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचं रक्षण आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे, पाणीपुरवठा आहे. 1975 च्या वृक्ष कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरण असतं, आयुक्त त्याचे अध्यक्ष आणि नगरसेवक त्याचे सदस्य. दर पाच वर्षांनी झाडं मोजायची जबाबदारीही त्याच कायद्याने दिलेली आहे. आणि महापालिका अधिनियमात 67-अ नावाचं एक कलम आहे, ते फार कमी लोकांनी वाचलेलं असतं. दरवर्षी 31 जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल आयुक्तांनी महासभेपुढे, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेपुढे, ठेवायचा, असं ते सांगतं.

महासभेपुढे. हा शब्द महत्त्वाचा. मार्च 2022 मध्ये आधीच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 पर्यंत नाशिकला महासभाच नव्हती. जवळजवळ चार वर्षं प्रशासक. अहवाल मांडणारेही तेच, ऐकणारेही तेच, मंजूर करणारेही तेच. तपोवनातल्या झाडांवर नोटिसा लागल्या तेव्हा ‘हे कुणाला विचारून?’ असं सभागृहात उभं राहून विचारायला एकही निवडून आलेला माणूस नव्हता. म्हणून तो प्रश्न रस्त्यावर आणि न्यायालयात विचारावा लागला. नगरसेवकाच्या हातात काय असतं, ते नगरसेवक नसतानाच नीट कळलं.

नदीचंही तसंच. गोदावरीच्या प्रदूषणावर 2012 मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, आदेश निघाले. पण आदेशाची अंमलबजावणी म्हणजे काय? अमुक नाल्याचं सांडपाणी अमुक मलनिस्सारण केंद्रात वळवायचं, त्याला अंदाजपत्रकात पैसे ठेवायचे, निविदा काढायची, ठेकेदाराने केलं की नाही ते बघायचं. हे न्यायमूर्ती येऊन करत नाहीत, प्रभागातला माणूस पाठी लागून करून घेतो. नासर्डी आणि वाघाडी ज्या रंगाचं पाणी गोदावरीत आणून सोडतात, तो रंग कुठल्या प्रभागात बदलतो, हे काठावर राहणाऱ्याला माहीत असतं. मग त्याच पाण्यावर पाणवेली माजतात आणि वाहत वाहत सायखेड्याच्या पुलाला अडकतात. पुढे नांदूरमध्यमेश्वर आहे, पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. आपण इथे सांडपाणी सोडायचं आणि निफाड तालुक्याने पाणवेली काढत बसायचं.

आणखी एक बारीक सोय. प्रभाग समितीवर सामाजिक संस्थांच्या तीन जणांपर्यंत नेमणूक करता येते. ती नेमायची कुणी? नगरसेवकांनी. त्या खुर्च्यांवर कुणाच्या ओळखीची माणसं बसतात, ते वेगळं सांगायला नको.

‘एकामागे दहा लावणार’

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जाळी आहे, लोखंडी, हिरव्या रंगाची. तिच्यावर लावणाऱ्याचं नाव ठसठशीत आहे. आत एक काडी आहे. गेल्या पावसाळ्यात ती कडुलिंब होती, असं शेजारचा इस्त्रीवाला सांगतो. आता तो जाळीवर हँगर अडकवतो. जाळी कामाला आली, एवढंच.

कायदा तरी दहा म्हणतो का? 2021 च्या दुरुस्तीनुसार तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी झाडं लावायची. पन्नास वर्षांवरचं झाड असेल तर ते वारसा वृक्ष. म्हणजे एका जुन्या चिंचेच्या बदल्यात दहा ही सवलत झाली, उदारपणा नाही. आंध्रातल्या राजमुंद्रीहून ट्रकने मोठी झाडं आणून लावण्याची घोषणाही झाली. लावा की. पण तपोवनातलं झाड तोडण्याची ती पावती होऊ शकत नाही.

‘ती झाडं तर 2015 च्या कुंभानंतर उगवलेली, निम्मी झुडपं’ असंही सांगितलं जातं. असतीलही काही. मग बारा वर्षांनी कुंभ पुन्हा येणार हे 2015 मध्ये ठाऊक नव्हतं? जागा मोकळी ठेवायची होती तर लावली कशाला, आणि लावली तर ‘वृक्षलागवड’ म्हणून फोटो काढले ते कुणी?

पर्याय निघत नाही, असंही नाही. उंटवाडीचा जुना वड आठवा. उड्डाणपुलाच्या आड येत होता, जाणार हे ठरल्यासारखंच होतं. लोक त्याच्याभोवती उभे राहिले, विषय तेव्हाच्या पर्यावरण मंत्र्यांपर्यंत गेला, पुलाच्या आराखड्याचा फेरविचार झाला. वड आजही आहे, आणि त्याच्याखाली गाड्या लावून लोक आजही शिव्या घालत ट्रॅफिकमध्ये अडकतात. दोन्ही खरं आहे, ट्रॅफिकचा प्रश्न मी नाकारत नाही.

राहता राहिला ‘जागा दाखवली’चा मुद्दा. प्रचारात आम्ही एका चाळवजा वस्तीत गेलो, झाडांचं पत्रक पुढे केलं. दारातल्या बाईने ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, “ताई, झाडांचं बघू आपण, आधी या चेंबरचं झाकण बघा. माझं पोरगं पडलं असतं परवा.” आमच्या उमेदवार बाईंनी मला वही काढायला लावली. झाकण, मग पुढच्या वळणावरचा तुंबलेला नाला, मग त्या नाल्यात टाकलेला राडारोडा. तिसऱ्या घरापर्यंत आमच्या लक्षात आलं की आपण नदीचीच यादी करतोय, फक्त वरच्या टोकापासून. पत्रकातला मजकूर त्या रात्री बदलला. हे आधी सुचायला हवं होतं, ही आमची चूक.

निकालानंतर दहा दिवसांनी त्याच बाईचा आमच्या पडलेल्या उमेदवाराला फोन. “झाकण कधी बसणार?” आमच्या बाईंनी सांगितलं, “अहो, मी निवडून आले नाही.” पलीकडून उत्तर आलं, “ते माहितीये. पण दारात वही घेऊन तुम्हीच आला होतात ना?”

अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. झाकण येऊन पडलंय, अजून बसलेलं नाही. सोमवारी परत जायचंय.