राष्ट्रपतींच्या एका सहीने म्हादई वाचणार नाही

गोव्यातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: देशाची सगळी सत्ता राष्ट्रपतींच्या हातात आहे, तिन्ही सैन्यदलं त्यांच्या हुकमाखाली आहेत. त्यांनी मनात आणलं तर एका सहीने म्हादई नदीचं पाणी वळवणाऱ्या कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाचं काम थांबेल, न ऐकणारं सरकार घरी जाईल, संसदेचा कायदाही अडेल. तेव्हा आमदार-खासदारांच्या मागे लागणं सोडा, हजारोंनी राष्ट्रपती भवनाला पत्रं धाडा. तरीही सही झाली नाही तर समजा, राष्ट्रपती म्हणजे नुसता रबर स्टॅम्प.

म्हादईची काळजी लिहिणाऱ्याला आहे तशी मलाही आहे. म्हणूनच सत्तरी, डिचोली या गोव्यातल्या तालुक्यांतल्या माणसांची मेहनत चुकीच्या दारात जाऊ नये असं वाटतं.

सगळी सत्ता राष्ट्रपतींकडे, हा मेसेजचा पाया. त्यासाठी संविधानाचं कलम ५३ दिलं आहे, पण अर्धंच. संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींकडे असेल, इथपर्यंत बरोबर. ती ‘या संविधानानुसार’ वापरायची, हे त्याच वाक्यातले पुढचे शब्द मेसेजमध्ये गाळले आहेत. कशी वापरायची ते कलम ७४ सांगतं: पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. १९७४ साली शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी हेच सांगितलं आणि १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने सल्ला बंधनकारक असल्याचं कलमातच लिहिलं गेलं. पुढे ४४व्या दुरुस्तीने राष्ट्रपतींना एक मोकळीक मिळाली. सल्ला पटला नाही तर तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. तोच सल्ला पुन्हा आला तर मात्र त्याप्रमाणे वागावंच लागतं. सैन्याचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, पण तेही कायद्याने बांधलेलं आहे.

आता म्हादई. राज्याराज्यांतले पाण्याचे तंटे कलम २६२ आणि १९५६चा आंतरराज्य जलविवाद कायदा यांच्या चौकटीत सुटतात. त्याच कायद्याखाली २०१०मध्ये म्हादई लवाद नेमला गेला. ऑगस्ट २०१८मध्ये त्याने निवाडा दिला आणि कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आलं. फेब्रुवारी २०२०मध्ये निवाडा राजपत्रात छापला गेला. अशा निवाड्याला सर्वोच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकं बळ असतं. तो रद्द करायचा अधिकार राष्ट्रपतींना कुठल्याच कलमाने दिलेला नाही, आणि गोव्याची लढाई सर्वोच्च न्यायालयात चालू आहे ती म्हणूनच. डिसेंबर २०२२मध्ये कर्नाटकाच्या प्रकल्प अहवालाला मंजुरी दिली ती केंद्रीय जल आयोगाने, म्हणजे केंद्र सरकारच्याच यंत्रणेने. जाब विचारायचा तर त्या सरकारला.

आणि एक सही आहे, जी गोव्यातच व्हायची आहे. म्हादई अभयारण्य आणि आसपासचं जंगल व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करा, तीन महिन्यांत करा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै २०२३ रोजी दिला. वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ही अधिसूचना राज्य सरकारने काढायची असते. आमचं सरकार ती काढण्याऐवजी त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हादईच्या नावाने फिरणाऱ्या एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये याबद्दल एक अक्षर नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सरकार बरखास्त करण्याचा मुद्दा तर गोमंतकीयांनी तरी विसरू नये, कारण राष्ट्रपती राजवट आम्ही पुन्हा पुन्हा पाहिली आहे. डिसेंबर १९६६मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री असताना विधानसभा विसर्जित झाली, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही याचा जनमत कौल निःपक्षपाती प्रशासनाखाली व्हावा म्हणून. १६ जानेवारी १९६७ला कौल झाला. राष्ट्रपती होते डॉ. राधाकृष्णन, पण विलीनीकरणाच्या वादातून निघालेला तो निर्णय केंद्र सरकारचा होता. फेब्रुवारी २००५मध्ये राज्यपाल जमीर यांनी मनोहर पर्रीकर यांचं सरकार बडतर्फ केलं, प्रतापसिंह राणे यांचा मुख्यमंत्री म्हणून शपथविधी झाला, आणि शेवटी ४ मार्चला राष्ट्रपती राजवट आली. त्या सगळ्या घडामोडीत राजकारण कोण करत होतं हे पणजीत कोणालाही विचारा. राष्ट्रपती भवनाचं नाव कोणी घेणार नाही. राष्ट्रपती राजवटीच्या कलम ३५६मधलं राष्ट्रपतींचं ‘समाधान’ म्हणजे मंत्रिमंडळाचं समाधान. तेही न्यायालयात तपासलं जातं, सरकारला बहुमत आहे की नाही ते सभागृहातच ठरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने बोम्मई खटल्यात १९९४मध्ये पक्कं केलं. शिवाय दोन महिन्यांत संसदेच्या दोन्ही सभागृहांची मान्यता लागते.

कायदा अडवण्याचं काय? कलम १११प्रमाणे धनविधेयक सोडून इतर विधेयक राष्ट्रपती एकदा परत पाठवू शकतात. संसदेने ते पुन्हा संमत केलं तर संमती नाकारता येत नाही. २००६मध्ये लाभाच्या पदांबाबतचं विधेयक अब्दुल कलामांनी परत पाठवलं, संसदेने ते तसंच पुन्हा संमत केलं आणि कलामांनी सही केली. घटनादुरुस्तीचं विधेयक तर परतही पाठवता येत नाही.

मग राष्ट्रपती रबर स्टॅम्प का? मुळीच नाही, आणि हा शब्द इतक्या सहज वापरला जातो याचा मला राग येतो. ऑक्टोबर १९९७मध्ये उत्तर प्रदेशातलं कल्याण सिंग सरकार घालवण्याची शिफारस मंत्रिमंडळाने के. आर. नारायणन यांच्याकडे पाठवली. त्यांनी ती फेरविचारासाठी परत केली आणि मंत्रिमंडळाने विषयच सोडून दिला. झैल सिंग यांनी १९८६मध्ये लोकांची टपालं उघडण्याचा अधिकार सरकारला देणाऱ्या विधेयकावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. ते कधीच कायदा झालं नाही. लोकसभेत कोणालाच स्पष्ट बहुमत नसेल तर आधी कोणाला बोलवायचं, हे राष्ट्रपतीच ठरवतात. उलट जून १९७५मध्ये फक्रुद्दीन अली अहमद यांनी मंत्रिमंडळाची बैठक होण्याआधीच आणीबाणीच्या कागदावर सही केली. पुढे मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्याशिवाय अशी सही होणार नाही, अशी तरतूद ४४व्या दुरुस्तीत करावी लागली. पदाच्या मर्यादा त्याच, पण माणूस कोण यावर खूप काही अवलंबून असतं.

राहिला सल्ला, आमदार-खासदारांना सोडून राष्ट्रपतींना पत्रं धाडण्याचा. राष्ट्रपतींना निवडून देणारे हेच आमदार-खासदार, आणि आमदाराच्या मताचं मूल्य १९७१च्या लोकसंख्येवरून ठरतं. गोव्याची १९७१ची लोकसंख्या ७,९५,१२०. तिला ४० आमदारांनी भागा, मग हजाराने भागा. एका आमदाराच्या मताचं मूल्य येतं २०. सगळ्या विधानसभेचं ८००, आणि त्याशिवाय आपल्या तीन खासदारांची मतं. राष्ट्रपती भवनात पोचलेली निवेदनं संबंधित मंत्रालयाकडे किंवा राज्य सरकारकडेच पाठवली जातात, म्हणजे तुमचं पत्र फिरून पर्वरीला, गोवा सरकारच्या सचिवालयातच, येण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा येत्या अधिवेशनात आपल्या आमदाराला एक तारांकित प्रश्न (ज्याचं तोंडी उत्तर द्यावं लागतं असा) टाकायला लावा: व्याघ्र प्रकल्पाची अधिसूचना काढायला सरकारचा विरोध का, आणि सर्वोच्च न्यायालयात आपली बाजू मांडण्यासाठी आजवर नेमकं काय केलं. मंत्र्याला त्याचं उत्तर सभागृहात द्यावं लागतं.