‘आपल्या आजोबांना कुठे थेरपी लागली?’
आमच्या दारव्हा तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आजोबांच्या काळी चिंता, न्यूनगंड, नवरा-बायकोचे न पटणे असल्या गोष्टींसाठी कोणी डॉक्टर गाठत नव्हते, कारण पारावरच्या गप्पा आणि शेतातला घाम हेच औषध होते, थेरपी म्हणजे पैसे मोजून मारलेल्या गप्पा, शहरातल्यांचे चोचले, त्यात घरातले बाहेर जाते आणि गोळ्या एकदा लागल्या की जन्मभर सुटत नाहीत. मी स्वतः वर्षभर समुपदेशन घेतले आहे, म्हणून उत्तर देणे मला भाग आहे.

आजोबांच्या काळी हा त्रास नव्हता, हे विधान आपली बोलीच खोटे पाडते. ‘घोर लागला’, ‘धास्ती घेतली’, ‘जीव घाबरा झाला’ हे शब्द काही मानसोपचारतज्ज्ञांनी आणलेले नाहीत. माझी आजी मृगाच्या तोंडावर रात्ररात्र जागी राही, बियाण्याच्या कोठीचे झाकण चारचारदा उघडून बघे, आणि विचारले तर ‘मले काई नाई झालं, जराक घोर लागला’ एवढेच म्हणे. तिला उपचार लागत नव्हता असे नाही. तो मिळाला नाही. मिळाला तो भगताचा अंगारा, आणि त्याचेही पैसे पडलेच होते.

पाराचा मुद्दा मात्र नीट तपासायला हवा, कारण त्यात अर्धे खरे आहे. मन मोकळे केले की हलके वाटते, हे कोण नाकारेल? पण पारावर बसलेला प्रत्येक जण भावकीतला, सोयऱ्यातला, नाही तर धुऱ्याचा शेजारी असतो. त्याच्यापुढे ‘बियाणे कोणते घ्यावे हेसुद्धा मला ठरवता येईनासे झाले आहे’ असे जो बोलेल, त्याचे ते बोलणे पुढे मुलीच्या सोयरिकीत आडवे येते. त्यामुळे पारावर कापसाचा भाव, पाऊस आणि राजकारण निघते. आतून जे जाळते ते निघत नाही. बोंडअळीने कपाशी गेली त्या वर्षी मी रोज संध्याकाळी पारावर होतो, पण कृषी केंद्राच्या पायरीवर मला घाम फुटतो आणि मी तिथूनच परत फिरतो, हे मी एका शब्दानेही कोणाला कळू दिले नाही.

समुपदेशन गप्पांपेक्षा निराळे असते, आणि खरे सांगायचे तर बरेच कंटाळवाणे. मला शंभर पानी वहीत तीन रकाने आखायला सांगितले होते: काय घडले, मनात काय आले, त्याला पुरावा काय. पहिल्यात मी लिहिले, ‘दुकानदाराने दोनदा विचारले, कोणते वाण देऊ’. दुसऱ्यात, ‘मला शेतीतले काही समजत नाही हे याला कळले’. तिसरा रकाना आठवडाभर कोराच राहिला आणि शेवटी त्यात लिहावे लागले, ‘तो सगळ्यांनाच दोनदा विचारतो’. विचार, भीती आणि टाळाटाळ यांची साखळी कागदावर आणायची आणि जे टाळले ते थोडे थोडे पुन्हा करायला लागायचे, ही कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीची रीत आहे. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६० च्या दशकात तिचा पाया घातला, आणि चिंतेच्या विकारांवर तिचा उपयोग होतो हे पुढे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

शहरातल्यांचे चोचले म्हणणाऱ्यांनी शेजारच्या अमरावती जिल्ह्यात पाहावे. तिथल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. नैराश्य ओळखण्याचे आणि धीर देण्याचे पहिले काम त्यात प्रशिक्षण घेतलेल्या साध्या गावकरी कार्यकर्त्यांनी केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. मदत दाराशी आली, तेव्हा खेड्यातल्याच लोकांनी ती घेतली.

घरातले बाहेर जाण्याबद्दल: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे, अपवाद जिवाला धोका असण्यासारखे मोजके. पारावर असा कोणता कायदा लागतो? शिवाय समुपदेशक जातपंचायतीसारखा निवाडा देत नाही. आम्हा नवरा-बायकोला तिथे एवढेच करायचे होते, की एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने उत्तर न देता ऐकलेले तसेच्या तसे परत सांगायचे. पहिल्या दिवशी मला ते एकदाही जमले नाही. जिथे मारहाण आहे तिथे मात्र जोडप्याला एकत्र बसवणे हा उपाय नव्हे. तिथे आधी बाईची सुरक्षितता.

गोळ्यांचे म्हणाल, तर मानसशास्त्रज्ञ त्या लिहून देतच नाही. गरज पडलीच तर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर देतो आणि वेळ आली की हळूहळू कमी करत बंदही करतो. सवय लागण्याची भीती झोपेच्या गोळ्यांबाबत खरी आहे, पण हा मजकूर पाठवणाऱ्यांपैकीच काही जण त्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणतात, हे मी पाहिलेले आहे.

खरी अडचण या मजकुरात कुठेच आलेली नाही. तज्ज्ञ बसतो जिल्ह्याच्या ठिकाणी. जाण्यायेण्यात दिवसाची मजुरी बुडते. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, फुकट आणि रात्री-अपरात्रीही बोलता येते, त्याने ही अडचण थोडी हलकी होते. पण दोन खोल्यांच्या घरात फोनवर बोलायला कोपरा लागतो. मी तो फोन गोठ्यात, बैलांना कडबा टाकण्याच्या निमित्ताने केला होता.