नखांना मिरची लावू नका

'तिकडची मुलं एकटी पडतात, म्हणून नखं खातात. आपल्याकडे घर भरलेलं असतं, हात तोंडाकडे गेला की कोणीतरी फटका देतंच.' लहान मुलांच्या सवयींचा विषय निघाला की मायदेशातून हे ऐकायला मिळतंच. पाठोपाठ उपायही येतात: बोटांना हिरवी मिरची चोळा, कडुनिंब लावा, नखं खाल्ली की घरात दारिद्र्य येतं असं सांगा. इंग्लंडमध्ये मुलं वाढवणाऱ्या आमच्यासारख्यांना पहिलं वाक्य झोंबतं आणि उपाय ऐकून राग येतो. आधी रागाचं सांगते.

मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, नुसत्या पाण्याने जात नाही. नखं खाणाऱ्या मुलाच्या नखांच्या कडा सोललेल्याच असतात. त्या उघड्या कातडीवर मिरची लागली की आग होते, आणि त्याच बोटांनी मूल डोळे चोळतं. कडुनिंबाचा पाला त्यामानाने सौम्य, पण लोक हाताशी असलेलं तेल लावतात, आणि कडुनिंबाचं तेल पोटात गेल्याने अगदी लहान मुलांना उलट्या होऊन झटके आल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. फटक्याने सवय जात नाही, फक्त लपते. मूल पांघरुणाखाली नखं खायला शिकतं, आणि मग ते केव्हा आणि का खातं हे आपल्याला कळायचा मार्गच बंद होतो.

आता एकटेपणाचं. ही सवय साधारण तीन-चार वर्षांनंतर दिसू लागते आणि वयात येईपर्यंत वाढत जाते, मग घर दोन माणसांचं असो की बारा. जपानमधल्या जुळ्या मुलांच्या अभ्यासात आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला आहे. तेव्हा बापाची नखं बघितल्याशिवाय आईच्या नोकरीला बोल लावू नये. मूल नखं खातं ते कंटाळल्यावर, दमल्यावर, एखाद्या गोष्टीत गुंगल्यावर, कधी घाबरल्यावर. इथल्या शाळेच्या पहिल्या, म्हणजे रिसेप्शनच्या वर्गात कार्पेटवर बसून गोष्ट ऐकताना हात तोंडात जातो, तसाच तो पुण्याच्या बालवाडीत रिक्षाकाकांची वाट बघतानाही जातो.

म्हणून सुरुवात वहीपासून. आठवडाभर काही बोलायचं नाही, फक्त लिहायचं: किती वाजता, काय चाललं होतं, कोणतं बोट. बहुतेक वेळा दोन-तीनच प्रसंग पुन्हा पुन्हा येतात: टीव्ही, गाडीतली मागची सीट, झोपेच्या आधीचा अर्धा तास. सप्टेंबरचा पहिला आठवडा यासाठी घेऊ नका. शाळा नवी असताना सगळीच मुलं हात तोंडात घालतात.

दुसरं काम नखांचं. खडबडीत कड जिभेला किंवा शेजारच्या बोटाला लागली की दात आपोआप तिकडे जातात. आंघोळीनंतर नखं मऊ असताना कापा आणि सुकल्यावर बारीक कानशीने एकाच दिशेने घासून कड गुळगुळीत करा. पुढे-मागे घासलं तर नखाचे पापुद्रे सुटतात आणि चावायला नवी जागा तयार होते. नखाशेजारी निघालेली साल ओढायची नाही, मुळाशी कात्रीने कापायची. रात्री व्हॅसलिन किंवा खोबरेल चोळा. शनिवारी नखं कापू नयेत, दिवेलागणीनंतर कापू नयेत, हे ज्यांना पाळायचं त्यांनी जरूर पाळावं, पण मग कानस रोज हाताशी हवी.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. १९७३ मध्ये अझ्रिन आणि नन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अशा सवयी सोडवण्याची पद्धत मांडली, आणि आजही तिचाच आधार घेतला जातो. 'करू नको' म्हणण्याऐवजी त्या हाताला, त्याच वेळी करता येईल असं दुसरं काम द्यायचं. मूठ घट्ट वळायची, अंगठा बाहेर, हात मांडीवर. मोठ्यांनी एक ते तीन मिनिटं, चार-पाच वर्षांच्या मुलाने वीस आकडे मोजेपर्यंत. मूल शांत असताना, खेळ म्हणून, दिवसातून दोनदा याचा सराव करा. सराव नसेल तर ऐन वेळी मूठ आठवत नाही. हात तोंडाशी गेला की मोठ्याने 'हात काढ' म्हणायचं नाही. आधी ठरवलेली एक खूण करायची, आपल्याच कानाची पाळी धरायची. शाळेतल्या बाईंनाही तीच खूण सांगून ठेवा. दिवसातून चाळीस वेळा टोकलं की टोकणं हेच मुलाला मिळणारं लक्ष होऊन बसतं.

आणि दहाही बोटं एकदम सोडवायला जाऊ नका. मुलालाच एक बोट निवडू द्या, शक्यतो जे सगळ्यात कमी खाल्लं जातं ते. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे दहा-पंधरा दिवसांत पांढरी कड दिसू लागते. दर रविवारी त्याच खिडकीपाशी फोटो काढा. शाबासकीचा स्टिकर अख्ख्या दिवसाला लावू नका. सकाळचा एक, दुपारचा एक, संध्याकाळचा एक. सकाळी चूक झाली आणि दिवसच गेला, तर मूल दुपारपासून मनसोक्त खातं. घसरण बहुधा तिसऱ्या आठवड्यात होते, कारण तोवर घरच्यांचा उत्साह संपलेला असतो.

कडू लावावं का? लावावं, पण शिक्षा म्हणून नाही. इंग्रजांनीही आपल्या मुलांच्या बोटांना कोरफडीचा कडू बोळ, म्हणजे वाळवलेला रस, पिढ्यान्‌पिढ्या लावला, तेव्हा या बाबतीत कोणी कोणाला नावं ठेवू नयेत. इथे बूट्स या औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर जे कडू पॉलिश मिळतं, त्यातला डेनाटोनियम हा पदार्थ १९५८ मध्ये एडिंबरामध्ये सापडला, आणि त्याच्याइतकं कडू दुसरं काही माहीत नाही. मुलाला सांगून, त्याच्या संमतीने लावा: 'हात चुकून गेला तर हे तुला आठवण करून देईल.' डब्यावरची वयाची अट वाचा, बरीचशी पॉलिशं तीन वर्षांखाली चालत नाहीत. सोललेल्या कातडीवर लावू नका.

पण डब्यावर एक गोष्ट लिहिलेली नसते, कारण तो काट्या-चमच्याने जेवणाऱ्यांसाठी बनलेला आहे. आपली मुलं हाताने जेवतात. पोळीचा तुकडा मोडला, भात कालवला की तो कडवटपणा घासात उतरतो, आणि मूल नखं सोडायच्या ऐवजी वरणभात सोडतं. म्हणून पॉलिश रात्रीच्या जेवणानंतर लावायचं, नाहीतर फक्त डाव्या हाताला, आणि उजव्या हाताला मुठीवर सोपवायचं. तेवढ्यासाठी मुलाला चमच्याने जेवायला लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हाताने जेवणं इथे आमच्या मुलांना रोज थोडं थोडं राखावं लागतं.

मायदेशातले शिकलेले लोक आता उलटं टोक गाठतात. नखं खाल्ल्याने ॲलर्जी होत नाही, राहू द्या, म्हणतात. हे न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या २०१६ सालच्या अभ्यासावरून आलं आहे. अंगठा चोखणाऱ्या आणि नखं खाणाऱ्या मुलांच्या त्वचाचाचणीत तेराव्या वर्षी ॲलर्जीचं प्रमाण कमी निघालं, हे खरं. पण दमा आणि परागज्वर यांत फरक दिसला नाही, आणि संशोधकांनी सवय लावा असं कुठेही म्हटलेलं नाही. जंतांचं काय? बारीक कृमींची अंडी नखांखाली बसतात, रात्री खाजवलं की बोटांवर येतात, सकाळी तोंडात. या बाबतीत भारत पुढे आहे हे मान्य करते. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांत गोळी मिळते. इथे मुलाला रात्री खाज सुटली की आपणच फार्मसीत जायचं, अख्ख्या घराने एकाच दिवशी औषध घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा.

नखाची कड लाल होऊन ठणकली, पू झाला, म्हणजे नखुर्डं झालं, तर घरचे उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवा. मूल केसही उपटत असेल, किंवा सवय अचानक सुरू होऊन झोप-जेवण बिघडलं असेल, तरीही दाखवा.

त्या पहिल्या वाक्याकडे पुन्हा येते, कारण ते डोक्यातून जात नाही. एकटेपणाचं निदान चूक आहे, पण भरल्या घराबद्दल त्यात काहीतरी खरं आहे. तिथे चार वर्षांच्या मुलाच्या हातांना काम असायचं. मटार सोलायचे, मेथी निवडायची, भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या, वाती वळायच्या. अझ्रिन आणि नन यांनी जे शोधून काढलं ते आजीच्या सुपाशेजारी कोणी न सांगता होत होतं. इथे मटार फ्रीजरच्या पिशवीतून येतात आणि रिकाम्या हातांसाठी आम्ही पिळायची खेळणी विकत आणतो. म्हणून ते वाक्य झोंबतं. आम्ही त्याला आकडे आणि अभ्यास दाखवतो, आणि उन्हाळ्यात लंडनच्या साउथॉलमधून, भारतीय वस्तीतून, मटारच्या अख्ख्या शेंगा शोधून आणतो.

आजी-आजोबांनाही एक काम आहे. रविवारच्या कॉलवर सगळ्यांसमोर 'अजून नखं खातोस का रे?' असं विचारू नका, लाज वाटली की हात पुन्हा तोंडात जातो. त्याऐवजी मूठ वळून त्याच्याबरोबर मोजा. वीसपर्यंतचे आकडे मराठीतच मोजायचे. इथली मुलं अठरापर्यंत धडाधड येतात आणि एकोणीसला अडखळतात. तिथे थांबून, मूठ न सोडता, तो आकडा त्यांना शोधू द्या.